दातातील पाऱ्याची जागा कोण घेणार?

(ग्रामीण आरोग्य कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



'दातात चांदी भरली' असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. प्रत्यक्षात त्या चांदीचा सुमारे निम्मा भाग पारा असतो. चांदी, कथिल व तांबे यांच्या मिश्रधातूची भुकटी पाऱ्यात कालवली की मऊ गोळा तयार होतो. किडलेल्या दाताच्या पोकळीत तो दाबून बसविला की काही तासांत टणक होतो. यालाच अमाल्गम म्हणतात. स्वस्त, टिकाऊ आणि थोड्याफार ओलाव्यातही बसणारा हा पदार्थ एकोणिसाव्या शतकापासून जगभर वापरात आहे.

आता मात्र त्याचा काळ संपत आला आहे. दवाखान्याच्या सांडपाण्यातून आणि दहनाच्या वेळी धुरातून हा पारा निसर्गात मिसळतो. पाण्यात त्याचे विषारी संयुग बनते व मासळीमार्फत ते माणसाच्या अन्नात येते. कारखान्यातून समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने जपानमधील मिनामाटा येथे केलेली हानी १९५६ साली उघडकीस आली. त्याच गावाच्या नावाने २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला व २०१८ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. पंधरा वर्षांखालील मुले, गर्भवती आणि स्तनदा माता यांच्यासाठी अमाल्गम टाळावे, असे २०२२ मध्ये ठरले. त्याचा वापर २०३४ पर्यंत संपविण्याचा निर्णय नोव्हेंबर २०२५ मध्ये घेण्यात आला. ज्यांच्या दातांत असे भरण सुस्थितीत आहे, त्यांनी केवळ भीतीपोटी ते काढून घेऊ नये. काढतानाच पाऱ्याची वाफ अधिक सुटते.

मग पाऱ्याची जागा कोण घेणार? शहरातील दवाखान्यात याचे उत्तर तयार आहे. राळ आणि काचेची अतिसूक्ष्म पूड यांपासून बनलेले कॉम्पोझिट दाताच्या रंगाचे असते व दिसायला सुबक असते. परंतु त्यासाठी दात पूर्ण कोरडा ठेवावा लागतो, आम्लाने त्याचा पृष्ठभाग खरबरीत करावा लागतो आणि प्रत्येक थर निळ्या प्रकाशाच्या दिव्याने घट्ट करावा लागतो. वीज, यंत्रे, वेळ आणि पैसा या चारही गोष्टी जेथे अपुऱ्या आहेत, तेथे हा पर्याय पोहोचणे कठीण आहे. अशा ठिकाणी पारा गेला आणि दुसरे काही आले नाही, तर रुग्णापुढे दात उपटून घेण्याचाच मार्ग उरेल.

येथे ग्लास आयोनोमर सिमेंट उपयोगी पडते. लंडनमधील सरकारी प्रयोगशाळेत ॲलन विल्सन व ब्रायन केंट या शास्त्रज्ञांनी ते १९६९ च्या सुमारास विकसित केले. फ्लोराइडयुक्त काचेची भुकटी विशिष्ट आम्लद्रवात कालवली की ती काही मिनिटांत आपोआप घट्ट होते. दिवा लागत नाही. दातातील कॅल्शियमशी तिचा रासायनिक बंध जुळतो आणि तिच्यातून हळूहळू फ्लोराइड झिरपत राहते. टांझानियात १९८० च्या दशकात या सिमेंटला जोडून एक साधी पद्धत उदयास आली. तीत हातातील अवजारांनी मऊ कीड खरवडून काढायची, सिमेंट भरायचे आणि बोटाने दाबायचे. वीज नको, यंत्राची घरघर नको. त्यामुळे मुलेही घाबरत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये या सिमेंटचा समावेश अत्यावश्यक औषधांच्या यादीत केला.

या पदार्थाला मर्यादाही आहेत. चावण्याचा भार पडणाऱ्या मोठ्या पोकळीत ते झिजते वा तुटते. दुधाच्या दातांतील आणि कायमच्या दाढांवरील लहान पोकळ्यांत ते उत्तम काम देते. म्हणूनच पोकळी लहान असतानाच ती ओळखणे महत्त्वाचे ठरते आणि तेथे आपली जबाबदारी सुरू होते. शाळेतील तपासणीत दाढेवर काळा डाग वा खड्डा दिसताच मुलाला दंतवैद्याकडे पाठवावे. फ्लोराइडयुक्त पेस्टने दिवसातून दोनदा दात घासण्याची सवय लावावी.

कोणता पदार्थ दातात भरायचा हे दंतवैद्य ठरवितो. पण तो पदार्थ आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात असेल की नाही, हे खरेदीच्या यादीवरून ठरते. त्या यादीत ग्लास आयोनोमर आहे का, हे आजच विचारा. २०३४ फार दूर नाही.