वेगळा ठेवलेला कप



मी नाशिकची, एका ख्रिस्ती घरातली. माझी सारी नोकरी शिक्षिकेची झाली. बऱ्याच वर्षांपूर्वी नाताळचा फराळ खाता खाता आमच्या शेजारच्या काकूंनी मला विचारलं होतं, "अगं, तुमच्यात देव म्हणजे नेमकं काय मानतात?" शिकवायची सवयच ती. मी लगेच पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा असं सविस्तर समजावून सांगू लागले. काकूंनी शांतपणे ऐकून घेतलं, हातातली करंजी संपवली आणि म्हणाल्या, "ते असू दे गं. पण त्यानं माणसाच्या वागण्यात काय फरक पडतो, ते सांग."

त्या दिवशी मला उत्तर देता आलं नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करते.

नाशिकमध्ये शरणपूर रोड कोणाला ठाऊक नाही? पण हे शरणपूर कुठलं, असं विचारलं तर फारच थोडे जण सांगू शकतील. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीनं गावाबाहेर ही वस्ती वसवली. ख्रिस्ती झाल्यामुळे घरादाराला आणि जातीला मुकलेली माणसं इथं राहिली. अरबी समुद्रात पकडलेल्या गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकी मुलंही इथं आणली गेली. इथं ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम, लोहारकाम शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. १८७३ मध्ये डॉ. डेव्हिड लिव्हिंगस्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारले, तेव्हा त्यांच्यासाठी अंत्यविधीची प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या या तरुणानं. सोबत्यांनी ते शव काही महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत नेलं. १८७४ मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झालं, तेव्हा जेकब तिथं हजर होता.

शरण आलेल्याला जागा द्यायची. देवाविषयीची ही एक समजूत आमच्या शहराच्या एका रस्त्याच्या नावात अजून टिकून आहे. मला तिचा अभिमान वाटतो. पण शरण आलेल्याला जागा देणं वेगळं आणि त्याच्या हातचं पाणी पिणं वेगळं. हा फरक मला दाखवून दिला तो नाशिकच्याच एका बाईनं, लक्ष्मीबाई टिळकांनी.

लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांच्या. माहेरचं नाव मनकर्णिका. वडिलांचं सोवळं विलक्षण कडक. बाजारातून आणलेली जिन्नससुद्धा धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, अशा घरात त्या वाढल्या. बालपणीच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी आणि मनस्वी. १८९३ मध्ये राजनांदगावच्या आगगाडीत एका युरोपीय प्रवाशानं त्यांच्या हाती नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरील प्रवचनानं त्यांना झपाटून टाकलं. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर तर आकाशच कोसळलं. नवरा जिवंत असून दुरावलेला, अशा स्थितीत त्यांनी काही वर्षं नातेवाइकांकडे काढली. पुढे त्या नगरला टिळकांजवळ आल्या खऱ्या, पण सोवळं सोबत घेऊनच. त्यांचा स्वयंपाक निराळा, पाणी निराळं. टिळकांनीही त्यांच्यावर सक्ती केली नाही.

मग एक दिवस या बाईंनी एकटीनंच विचार केला. ही जात देवानं केली की माणसानं? देवानं केली असती, तर पशुपक्ष्यांत जसा शरीराचा फरक दिसतो तसा माणसामाणसांतही दिसला असता. तो तर कुठंच दिसत नाही. म्हणजे हे माणसाचंच काम. त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी त्यांच्या मनातली शिवाशिव गेली, धर्म बदलला तो मागाहून. पुढे दुष्काळात पोरक्या झालेल्या मुलांना त्यांनी घरात घेतलं. हे सगळं त्यांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये लिहिलं आहे, तेही स्वतःच्या फजितीला हसत हसत.

बायबलमध्ये एक प्रसंग आहे. भर दुपारी विहिरीशी थकून बसलेला येशू एका शोमरोनी बाईकडे पाणी मागतो. यहुदी लोक शोमरोन्यांशी संबंध ठेवत नसत. ती चकितच होते. तुम्ही माझ्याकडे पाणी मागता? असं तिनं विचारलं, ते साहजिकच होतं. हा प्रसंग आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. रविवारच्या शाळेत त्यावर पाठांतरंही केली.

आणि तरीही, श्रोतेहो, आमच्याच घरात काय होतं ते आज सांगते. माझी आजी मोठी श्रद्धाळू. रविवारची उपासना तिनं कधी चुकवली नाही. टिळकांची भजनं तिला तोंडपाठ. पण आमच्या मागच्या खिडकीत टवका उडालेला एक कप कायम पालथा घातलेला असायचा. गल्ली झाडायला येणाऱ्या बाईंचा तो कप. आजी त्यात चहा वरून ओतायची, अगदी प्रेमानं, कधी सोबत भाकरीही द्यायची. पण कप वेगळा. चर्चमध्ये प्रभुभोजनाच्या वेळी हीच आजी सर्वांसोबत एका प्याल्यातून पीत असे. हे दोन प्याले तिच्या मनात कधी शेजारी आले नसावेत. माझ्याही आले नाहीत.

ते आले ते मी चाळिशी ओलांडल्यावर, 'स्मृतिचित्रे' पुन्हा वाचताना. आजीचा कप आठवला आणि मनातल्या मनात तिला दोष देत मी उठले, ते स्वयंपाकघरात गेले. फ्रिजवर एक स्टीलचा पेला होता. धुणीभांडी करायला येणाऱ्या मावशींचा. मी तो मुद्दाम वेगळा ठेवला नव्हता, असं मी स्वतःला सांगून पाहिलं. स्वच्छतेसाठी, सर्दी-खोकल्यासाठी, अशी कारणंही शोधली. पण घरात सर्दी झालेल्या मुलाचा पेला कुठं वेगळा होता?

दुसऱ्या दिवशी मी मावशींना आमच्याच कपात चहा दिला आणि त्यांच्यासमोर खुर्ची ओढून बसले. वाटलं होतं, त्यांना आनंद होईल. त्या अवघडून गेल्या. म्हणाल्या, "असू द्या ताई, मला माझाच पेला बरा." पुष्कळ दिवस त्या सवयीनं फ्रिजकडेच हात न्यायच्या. इतकी वर्षं मी त्यांना जे शिकवलं होतं, ते एका कपभर चहानं कसं पुसलं जाणार? क्षमा मागायलाही मला बरेच दिवस लागले. मागितली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "कळलं होतं मला पहिल्यापासून."

आमच्याच नाशिकमध्ये १९३० साली काळाराम मंदिराच्या दारात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. ते वाचताना दार बंद करणाऱ्यांचा मला राग येतो. पण आता त्या रागाबरोबर फ्रिजवरचा पेलाही आठवतो. देवळाचं दार असो की चर्चचं, ते उघडलं तरी घरातली खिडकी उघडायची राहून जाते.

आता काकू नाहीत. त्या असत्या तर त्यांना सांगितलं असतं, "काकू, देव नेमका कसा आहे ते मला अजून पुरतं समजावून सांगता येत नाही. पण तो एका बाईकडे पाणी मागतो, एवढं मला ठाऊक आहे. आणि तेही तिच्याच भांड्यातलं. तेवढा फरक माझ्या घरात पडावा, अशी माझी खटपट चालू आहे." त्यावर काकूंनी आणखी एखादा अवघड प्रश्न नक्कीच विचारला असता.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)