रात्रीचा डबा

मी सोलापुरातून बोलतेय, शुक्रवार पेठेतून. घरी शिलाई करते. सोलापूर म्हटलं की तुम्हाला चादर आठवत असेल, पण इथं शाळेचे गणवेशही खूप शिवले जातात, पार दुसऱ्या राज्यांत जातात. त्यातलं काम माझ्यासारख्या कितीतरी जणी घरी बसून नगावर करतात. एप्रिल ते जून आमचा सीझन. एरवी गल्लीतल्या बायकांचे ब्लाऊज, पिको-फॉल.

आज बोलायचंय ते मात्र खाण्याचं. पोटाला भूक नसताना आपण जे खातो, त्याचं. हे सांगायची मला फार दिवस लाज वाटत होती.

माझं असं व्हायचं. रात्री साडेदहाला मशीन बंद करायची. दोन्ही पोरं झोपलेली, मालक रात्रपाळीला, आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, आत पडलेल्या. जेवून तास-दीड तास झालेला असायचा. तरी पाय आपोआप स्वयंपाकघरात जायचे. शेंगाचटणीचा डबा उघडायचा, कडक भाकरीचा तुकडा मोडायचा, वरून तेल. मग चिवडा, मग पोरांच्या डब्याला आणलेला बिस्किटाचा पुडा. सगळं उभ्यानं, ओट्याशी, लाइट न लावता. पोट तर केव्हाच भरलेलं. कधी नगाचे पैसे कापलेले असायचे, कधी धाकट्याला ताप, कधी मालकांचा कारखाना चार दिवस बंद. रडत बसलं तर घर जागं होतं. खाताना कुणाला काही कळत नाही.

मग एका संध्याकाळी थोरलीला पाहिलं. ती चौथीत होती तेव्हा. गणितात मार्क कमी पडले म्हणून मी तिला जरा जास्तच बोलले होते. थोड्या वेळानं आत गेले, तर ही ओट्याशी पाठमोरी उभी, डबा पोटाशी धरलेला. मी विचारलं, “काय खायलीस गं?” तोंड भरलेलं, तरी म्हणाली, “काही नाही.” हेच उत्तर मी आत्यांना कितीदा दिलं होतं.

त्याच महिन्यात आमच्याकडं आशाताई आल्या. तिशीच्या पुढच्या सगळ्यांची त्या माहिती भरतात, कमरेचं माप घेतात. दिवसभर माझ्या गळ्यात टेप असते, गल्लीभरच्या बायकांची मापं माझ्या वहीत आहेत, पण स्वतःच्या कमरेला मी ती कधी लावली नव्हती. छत्तीस इंच भरली. आपल्या बायकांची कंबर ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेएकतीस इंचांच्या पुढे गेली की सांभाळायला हवं. मग दवाखान्यात जाऊन उपाशीपोटीची साखर तपासली, ती ११२ आली. म्हणजे अजून मधुमेह नाही, पण काठावर. खरं तर धाकट्याच्या वेळी, गरोदरपणातच माझी साखर वाढली होती. अशा बाईनं बाळंतपणानंतर दीड-दोन महिन्यांनी आणि पुढेही अधूनमधून साखर तपासायची असते, कारण पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त. मी एकदाही गेले नव्हते. २०२३ साली देशातल्या मोठ्या पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहाचे सुमारे दहा कोटी आणि काठावरचे साडेतेरा कोटी लोक निघाले. त्या साडेतेरा कोटींतली एक मी.

घाबरून मी काय केलं, तर सगळंच सोडलं. चिवडा करणं बंद, चटणी शेजारी देऊन टाकली, सोमवारच्या जोडीला गुरुवारही धरला. चौथ्या रात्री देवापुढची खडीसाखर संपवली. हसू नका. आणि उपासाचं म्हणाल तर आपण उपासाला खातो काय? साबुदाणा. त्यात जवळजवळ सगळा पिठूळपणाच, पोट बांधून ठेवेल असं काही नाही. दुपारी खिचडी, संध्याकाळी वेफर्स, रात्री डोकं गरगरायला लागलं की डबा. उपास ज्याचा त्यानं करावा, श्रद्धेनं करावा, पण वजन उतरवायचं म्हणून धरलेला उपास माझ्या तरी कामी आला नाही. आणि साखरेची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरूच नका.

कामी आली मापाची वही. तिच्या मागच्या पानांवर मी लिहायला लागले. रात्री डबा उघडला की वेळ, आणि त्याआधी काय झालं होतं, एवढंच. किती खाल्लं ते लिहायचं नाही, नाहीतर दुसऱ्याच दिवशी वही बंद होते. दोन आठवड्यांनी पानं वाचली. दुकानदाराशी वाजलेले दिवस होते, पोरांवर ओरडलेले होते. पण सगळ्यात जास्त होते ते दुपारी अडीचपर्यंत नुसत्या चहावर काढलेले दिवस. मला वाटत होतं माझं मन कमजोर आहे. मन होतंच त्यात, पण दिवसभर मारलेली भूकही रात्री वसुलीला येत होती. शिवाय झोप पाच तासांची. झोप कमी पडली की भूक वाढते, आणि तीही गोड-तळलेल्याचीच.

म्हणून पहिला बदल रात्रीत केलाच नाही, सकाळी केला. पोरं शाळेत गेली की नऊ वाजता बसून ज्वारीची भाकरी, भाजी किंवा मटकीची उसळ. आत्यांना आधी ते खटकलं. सून सगळ्यांच्या आधी जेवते म्हणजे काय! दोन-तीन दिवस गप्प होत्या. मग एकदा स्वतःच म्हणाल्या, “मी आयुष्यभर भांडी निपटूनच जेवले बघ. पोरांचं उरलेलं, तव्यावरचं करपलेलं.” तेव्हापासून नऊला आम्ही दोघी बसतो. पोरांच्या ताटातलं उरलेलं पोटात ढकलायचं मी सोडलं. आधीच कमी वाढते, लागलं तर पुन्हा घेतात.

चहाचा हिशेब तुम्हीही करून बघा. मी सहा कप प्यायचे, कपाला दोन चमचे साखर. चमच्याला पाच ग्रॅम धरले तरी दिवसाला ६० ग्रॅम, महिन्याला पावणेदोन किलोच्या वर, एकटीची! हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या म्हणण्याप्रमाणे वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपर्यंतच असावी. मी कुणाला न सांगता दर आठवड्याला चिमूट-चिमूट कमी केली. आता तीन कप, अर्धा-अर्धा चमचा.

शेंगाचटणी मात्र परत आणली. आमच्या सोलापूरच्या माणसानं ती सोडायची म्हणजे काय! शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, चटणी काही वैरीण नव्हे. ताटात वाढून, लाइट लावून, बसून खायची एवढंच ठरवलं. बसून खाल्लं की दोन चमच्यांत पुरते, हे मला चाळिशीच्या उंबऱ्यावर कळलं.

राहिली रात्रीची ती साडेदहाची वेळ. दिवसातली माझी स्वतःची म्हणावी अशी तेवढीच, म्हणून ती मोडायची नव्हती. आता मशीन बंद केली की मी बाहेर पायरीवर जाऊन बसते. शेजारची तेलुगू अक्का विड्या वळत असते. तिचं मराठी अर्धं, माझं तेलुगू पाव. पंधरा मिनिटं बोलतो, दुकानदाराला आणि मुकादमाला शिव्या घालतो, उठतो. तुमच्याकडं तर अंगण आहे, जाऊबाई आहे. तिच्याशी पटत नसेल तर दुसरी कुणी बघा.

सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. गेल्या सीझनला, जूनच्या पहिल्या आठवड्यात, पाच रात्री डबा उघडला. वहीत आहे. वर्षभरात वजन चारच किलो उतरलं, साखर मात्र ९८ वर आली. तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीला आशाताईंना टेप घेऊन बोलवा. आरोग्य उपकेंद्रात बीपी आणि साखर फुकट तपासतात. आणि लपून खाणं हाताबाहेर जात असेल, खाऊन मुद्दाम ओकारी काढावीशी वाटत असेल, दोन-दोन आठवडे मन उठत नसेल, तर १४४१६ वर फोन करा. सरकारचा टेलिमानस नंबर आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलतात.

परवा थोरली शाळेतून तोंड पाडून आली. दप्तर टाकलं आणि सरळ डब्याकडं गेली. मी मशीनवरून बघत होते, काही बोलले नाही. तिनं दोन ताटल्या काढल्या, चिवडा वाढला आणि म्हणाली, “आई, मशीन थांबव की जरा.” मी थांबवली. वर्गात काय झालं ते तिनं पार पहिल्यापासून सांगितलं, दोनदा रडली. तोवर चिवड्याला दोघींनी हात लावला नव्हता. मग खाल्ला. मीठ जरा जास्त झालं होतं.