चंद्रावरचे पाणी आणि तलाव बांधणारा समाज
(समाजाच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



पाणी कोठून वाहते, कोठे थांबते आणि पाळ कोठे घालावी, हे जाणून आपल्या कोहळी पूर्वजांनी गोंदिया-भंडाऱ्याच्या भूमीवर तलाव व बोड्या निर्माण केल्या. नवेगाव बांधच्या विस्तीर्ण जलाशयाशी कोलू पाटील कोहळी यांचे नाव परंपरेने निगडित आहे. अशा जलज्ञ समाजापुढे चंद्रावरील पाण्याविषयी चार शब्द बोलण्याची आमची इच्छा आहे.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाशी शॅकल्टन नावाचे विवर आहे. त्याचा व्यास सुमारे २१ किलोमीटर व खोली ४ किलोमीटरांहून अधिक. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारप्रमाणेच तेही आकाशातून कोसळलेल्या पाषाणाच्या आघाताने झालेले आहे. लोणारचा व्यास मात्र दोन किलोमीटरांहूनही कमी आहे. पृथ्वीचा आस साडेतेवीस अंशांनी कललेला, तर चंद्राचा केवळ दीड अंशाने. म्हणून तेथील ध्रुवावर सूर्य क्षितिजालगतच फिरतो. विवराच्या काठावर ऊन पडते, तळाशी कधीच पोहोचत नाही. आपले तलाव वैशाखाच्या उन्हाने आटतात. तेथे ऊनच नसल्यामुळे बर्फ अब्जावधी वर्षे टिकू शकतो.

या शोधात भारताचा वाटा मोठा आहे. २००८ साली चांद्रयान-१ निघाले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्याने सोडलेले, तिरंगा धारण केलेले उपकरण शॅकल्टनच्या परिसरात आदळले. त्याच यानावरील अमेरिकी उपकरणाने चंद्राच्या पृष्ठभागावर जलांश असल्याचे दाखविले; ही वार्ता २००९ मध्ये जाहीर झाली. त्याच वर्षी ९ ऑक्टोबरला अमेरिकेने कॅबियस या दुसऱ्या ध्रुवीय विवरात अग्निबाणाचा रिकामा भाग आदळविला आणि उडालेल्या धुळीत पाणी आढळले. २०१९ मध्ये चांद्रयान-२ चे अवतरण फसले. परंतु २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ सुमारे ६९ अंश दक्षिण अक्षांशावर सुखरूप उतरले.

शॅकल्टनच्या तळाशी मात्र जपानी यानाच्या छायाचित्रांत उघड्या बर्फाचे थर दिसले नाहीत. मातीत मिसळलेला बर्फ किती, याचे मोजमाप अद्याप चालू आहे. पाणी असावे असे वाटणे निराळे आणि ते मोजून सिद्ध करणे निराळे. पाळ घालण्यापूर्वी भूमीचा उतार पाहणाऱ्या आपल्या पूर्वजांना हा भेद पुरेपूर ठाऊक होता.

आता आपल्याकडे पाहू. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव शासनाकडे गेले आणि त्यांच्या देखभालीशी असलेले आपले नाते हळूहळू सैल झाले. कित्येक तलाव गाळाने उथळ झाले आहेत. पाण्याची विद्या वृद्धांच्या मुखी उरली. ती लिहून ठेवली नाही, तर त्यांच्यासवे जाईल. पूर्वजांच्या कीर्तीवर किती दिवस जगावे, हा प्रश्न आम्हांला अस्वस्थ करतो.

म्हणून आमची एकच विनंती आहे. प्रत्येक घरातील शाळकरी मुलामुलीने आपल्या गावच्या तलावाचे पाणी काठावरील खुणेवरून दरमहा मोजावे, वहीत तारखेनिशी टिपावे आणि ती वही पुढील मेळाव्यास आणावी. मुलगी म्हणून कोणाची वही कोरी राहू नये. अशा वहीतूनच उद्याचा जलतज्ज्ञ, कदाचित चंद्रावरील पाणी मोजणारा शास्त्रज्ञही घडेल. तसे झाले, तर पूर्वजांचे ऋण काही अंशी तरी फिटेल.