डोमेन जोडलं, साईट दिसेना: 48 तास नक्की कशासाठी थांबायचं?

आजचा भाग माझ्याच फजितीचा आहे, त्यामुळे हसलात तरी चालेल.

माझ्या मामाचं बुधवार पेठेत शालेय पुस्तकांचं दुकान आहे, अप्पा बळवंत चौकापासून चालत दोन मिनिटांवर. जून महिन्यात तिथे काय गर्दी असते ते पुणेकरांना सांगायला नको. शाळा उघडायच्या आधीचे दहा-बारा दिवस म्हणजे मामाचं अर्धं वर्ष. यंदा त्याने पालकांना घरबसल्या पुस्तकांचा संच मागवता यावा म्हणून नवी साईट करून घेतली. करून घेतली म्हणजे माझ्याकडून, फुकटात. आणि मी काही बोलायच्या आत पिशव्यांवर पत्ताही छापून घेतला.

डोमेन जुनंच होतं. त्यावर आधी कुणीतरी बनवलेली साईट चालू होती आणि तिच्यावर मामाचा बंद झालेला नंबर होता. तो आता भलत्याच माणसाकडे गेलाय. म्हणजे पिशवीवरचा पत्ता टाकला की पालक थेट त्या बिचाऱ्याला पाचवीच्या गणिताचं पुस्तक मागणार!

सोमवारी मी डोमेन जिथून घेतलं होतं तिथे लॉगिन केलं, ए रेकॉर्डमध्ये नव्या सर्व्हरचा आयपी टाकला, सेव्ह केलं. हिरवी टिकमार्क आली. खाली लिहिलेलं, 48 तासांपर्यंत वेळ लागू शकतो. मामाला म्हटलं, बुधवारपर्यंत होईल.

बुधवारी संध्याकाळी मामाचा फोन. "अरे, झालं का रे? सकाळपासून तीन जणांनी त्या जुन्या नंबरची तक्रार केली." झालेलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर मी 48 दिवस थांबलो असतो तरी झालं नसतं.

का, ते सांगतो. आपण म्हणतो डीएनएस पसरायला वेळ लागतो. पण पसरत काहीच नाही. 1983 च्या आधी सगळ्या यंत्रांची नावं एकाच फाईलमध्ये असायची आणि ती फाईल जो तो उतरवून घ्यायचा. त्या वर्षी पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसची रचना मांडली आणि प्रत्येक नावाची वही ज्याच्या त्याच्याकडे गेली. तुमचा फोन आधी तुमच्या मोबाईल कंपनीच्या सर्व्हरला पत्ता विचारतो, तो जाऊन मूळ वही बघतो आणि उत्तर काही वेळ लक्षात ठेवतो. किती वेळ, ते वहीतच सेकंदांत लिहिलेलं असतं. त्याला म्हणतात टीटीएल. म्हणजे आपण जगाला नवीन पत्ता कळायची वाट बघत नसतो, जुना विसरला जाण्याची वाट बघत असतो.

मग पहिला प्रश्न असा की मूळ वही कुठे आहे? ते ठरवतात नेमसर्व्हर. मामाच्या डोमेनचे नेमसर्व्हर जुन्या होस्टिंगकडे वळवलेले होते. मी ज्या पॅनलमध्ये रेकॉर्ड बदलला, ती वही कुणी उघडतच नव्हतं! पॅनलने मला तसं सांगायलाही नको का? पण नाही, हिरवी टिकमार्क.

हे फोनवर दोन मिनिटांत बघता येतं. ब्राउझरमध्ये डीएनएस डॉट गूगल उघडा, आपलं डोमेन टाका, प्रकाराच्या जागी एनएस लिहा. जी नावं येतील तिथेच बदल करायचा. ते न बघता थांबणं म्हणजे चुकीच्या स्टॉपवर पीएमपीची वाट बघणं.

48 तासांचा आकडा अगदीच हवेतला नाही. डॉट कॉमच्या वरच्या नोंदीत नेमसर्व्हरचा टीटीएल 1,72,800 सेकंद असतो. करा गणित, बरोबर दोन दिवस. त्यामुळे नेमसर्व्हरच बदललेत तर कुठेतरी जुनी आठवण दोन दिवस राहू शकते. पूर्वी तर डॉट कॉमची यादीच दिवसातून दोनदा निघायची, 2004 पासून ती काही मिनिटांत ताजी होते. पण नुसता ए रेकॉर्ड बदलला असेल तर त्याचा स्वतःचा टीटीएल बघायचा.

मी नेमसर्व्हर बदलले नाहीत. प्रकाशकांचे मेल त्याच डोमेनवर येतात आणि मेलचे एमएक्स रेकॉर्ड जुन्या वहीतच होते. ते नव्या वहीत न उतरवता नेमसर्व्हर बदलले असते तर साईट आली असती, पण मेल गेले असते. म्हणून जुन्या होस्टिंगचं लॉगिन मिळवलं (त्यात गुरुवारचा दिवस गेला) आणि संध्याकाळी सहाला तिथे बदल केला. टीटीएल होता 14,400, म्हणजे चार तास. रात्री दहानंतर माझ्या लॅपटॉपवर नवी साईट! हे आधी माहीत असतं तर एक दिवस आधीच तो 300 करून ठेवला असता.

शुक्रवारी सकाळी परत मामा. "माझ्या फोनवर जुनंच दिसतंय." मी म्हटलं, "मामा, कॅश क्लिअर कर." त्याने केली. जुनंच. दुकानातल्या मुलाच्या फोनवरही जुनंच.

इथे मला खरा घाम फुटला. कारण लॅपटॉप घरच्या ब्रॉडबँडवर आणि त्यांचे फोन जिओवर. जिओ आयपीव्ही6 वर चालतं, माझं ब्रॉडबँड नाही. आयपीव्ही6 चा पत्ता वेगळ्या रेकॉर्डमध्ये असतो, चार वेळा ए लिहिलेल्या. मी एका ए वाला बदलला, चार ए वाला तसाच जुन्या सर्व्हरकडे बोट दाखवत बसलेला! पालक साईट बघणार फोनवर, म्हणजे ज्यांच्यासाठी केली त्यांनाच दिसत नव्हती.

नव्या साईटला कुलपाचं चिन्ह का येत नव्हतं, तेही तेव्हाच कळलं. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं होतं. त्यांची तपासणी आयपीव्ही6 चा पत्ता असेल तर आधी तिकडे जाते. ती जुन्या सर्व्हरवर जाऊन रिकाम्या हाताने परतत होती. आणि मी दोन दिवस सर्टिफिकेटला शिव्या देत होतो.

चार ए वाला रेकॉर्ड काढून टाकला. पुन्हा चार तास. तेवढ्यात मी आणखी एक घोळ घातला: ऑर्डरसाठी वेगळं सबडोमेन करायचं होतं, ते तयार करायच्या आधीच उघडून बघितलं. "असं नाव नाही" हे उत्तरही सर्व्हर लक्षात ठेवतात, काही मिनिटं ते काही तास. त्यामुळे आधी रेकॉर्ड, मग उघडणं. अडकलातच तर गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचं कॅश रिकामं करायचं पान आहे, क्लाउडफ्लेअरचंही आहे. पण मोबाईल कंपनीच्या सर्व्हरची आठवण तुम्हाला पुसता येत नाही, तिथे थांबावंच लागतं.

आणि हो, डॉट कॉम नवीन घेतलं असेल तर ई-मेल पडताळणीची लिंक लगेच दाबा. 15 दिवसांत दाबली नाही तर डोमेन बंद केलं जाऊ शकतं, आणि मग टीटीएल बघून काही उपयोग नाही.

शुक्रवारी दुपारी साडेतीनला मामाने स्क्रीनशॉट पाठवला, कुलूप वगैरे सगळं. खाली लिहिलेलं, "आता त्या जुन्या नंबरवाल्याला फोन करून सॉरी म्हण." केला. तो म्हणाला, "ठीक आहे हो, पण नववीचा संच आहे का? मुलीला हवाय."