मातीची सोबत
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिनी माती म्हटले की आपल्याला लोणच्याची बरणी आठवते. आज मात्र मी चीनमधल्या अशा मातीकामाविषयी बोलणार आहे, की ज्यात कोणी लोणचे घालू नये! तांग घराण्याच्या काळात (इ. स. ६१८ ते ९०७) तिकडे थोरामोठ्यांच्या थडग्यांत मातीचे घोडे, उंट, वादक, दासी, रक्षक ठेवीत. मूर्ती एकदा भाजायची, मग तिच्यावर शिशाची झिलई देऊन पुन्हा भाजायची. तांब्याने हिरवा रंग येई, लोखंडाने पिवळा-तपकिरी. भट्टीत ही झिलई ओघळे, आणि त्या ओघळांतच तिची खरी शोभा आहे. परंतु शिसे आंबटात उतरते, तेव्हा असली भांडी स्वयंपाकघरात न आलेलीच बरी. कोणाबरोबर किती मूर्ती पुराव्यात, हे हुद्द्याप्रमाणे सरकार ठरवी. मेल्यावरही हुद्दा सुटत नाही, पाहा!

आपल्याकडे असा थाट नव्हता. पण पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगाव आहे. तेथे १९६८ पासून बरीच वर्षे डेक्कन कॉलेजच्या सांकलिया, ढवळीकर, अन्सारी या संशोधकांनी उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती निघाली. पाच खोल्यांच्या एका घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा रांजण सापडला. आत एक पुरुष, मांडी घालून बसवलेला. घराला धान्याचे कोठार होते, तेव्हा तो गावचा प्रमुख असावा असे विद्वान म्हणतात. असेल.

माझे मन मात्र लहान मुलांपाशी अडकते. मूल गेले की दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवीत, त्यांत त्याला निजवीत. आणि तो खड्डा गावाबाहेर नव्हे, राहत्या घराच्या जमिनीखाली! म्हणजे वर सारवायचे, चूल पेटवायची, दुसऱ्या लेकराला भरवायचे, आणि खाली ते.

कोणी याला अडाणीपणा म्हणेल. मला तसे वाटत नाही. आपल्याकडेही तान्हे मूल दहन न करता पुरतात. पुष्कळ घरांत आईला तेथे नेत नाहीत, पुढे त्या जागेविषयी विचारायचीही तिला चोरी. इनामगावच्या आईला निदान जागा ठाऊक होती.

पुण्यास गेलात तर डेक्कन कॉलेजचे संग्रहालय अवश्य पाहा. इनामगावच्या वस्तू तेथे आहेत. आपल्या अलोऱ्यात कोयना प्रकल्पामुळे घाटावरच्याही किती तरी भगिनी आल्या. त्यांच्या आणि आपल्या कोकणातल्या ज्येष्ठ भगिनींना गावोगावच्या चाली माहीत असतील. चहाच्या वेळी त्यांनी त्या सांगाव्यात. मी वही आणली आहे.