जंजिऱ्याचे सिद्दी : गादी आणि गुण
(पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



पेण-रोह्याच्या शाळांच्या सहली मुरूडला जातात. मुले जंजिऱ्याच्या तोफा पाहतात आणि घरी आल्यावर विचारतात, "सिद्दी आपले की परके?" या प्रश्नाचे उत्तर घाईने देऊ नका, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

सिद्दी म्हणजे हबशी, मूळचे आफ्रिकेचे. त्यांतले पुष्कळजण गुलाम म्हणून विकले जाऊन दख्खनेत आले. मलिक अंबर असाच हबशाणातून आला. 1600 साली अहमदनगरचा किल्ला मोगलांनी घेतला, तेव्हा त्याने निजामशाही घराण्यातील मुर्तजाला गादीवर बसविले आणि 1626 मध्ये मृत्यू येईपर्यंत राज्याचा कारभार हाकला. विकला गेलेला मुलगा राजे बसवू लागला. त्याच्यामागे ना घराणे होते, ना जहागीर. होती ती फक्त युद्धाची आणि हिशेबाची जाण.

जंजिऱ्यातही बराच काळ हीच रीत होती. प्रमुख वारला की मुलाआधी आरमारातील कर्तबगार सरदाराचा विचार होई. 1670 च्या सुमारास फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांच्या हवाली करावयास निघाला. तेव्हा संबळ, कासीम आणि खैरियत या तीन सिद्दी सरदारांनी त्याला कैदेत टाकले आणि औरंगजेबाची चाकरी धरली. बादशहाने त्यांच्या प्रमुखास 'याकूतखान' हा किताब दिला. याच कासीमने पुढे 1689-90 मध्ये मुंबईच्या इंग्रजांना किल्ल्यात कोंडून धरले.

आता दुसरी बाजू ऐका. 1673 साली सिद्दीचे आरमार मुंबईच्या बंदरात आले आणि त्याच्या लोकांनी पेण व नागोठण्याच्या खाड्यांत उतरून मुलूख उजाड केला. भाताची शेते गेली. ज्याचे भात जळाले, त्याला जाळणाऱ्याचा किताब काय कामाचा? शौर्याचे गोडवे गाताना त्या शेतकऱ्याला विसरू नका. तो कुणाचाही असो, याच मातीतला होता.

अशी माणसे इतरत्रही झाली. सेलेबीस बेटावरचे बुगी दर्यावर्दी 1669 च्या मकासरच्या पाडावानंतर मोठ्या संख्येने मलायाकडे पांगले. 1722 मध्ये बुगी भावांनी सुलेमानला जोहोर-रिआऊच्या गादीवर बसविले. सुलतान मलायी राहिला, पण उपराजाचे पद आणि खरी सत्ता बुगींकडे गेली. 1766 पासून सेलांगोरची गादी तर त्यांच्याच वंशात आहे. तेथील मुलेही विचारत असतील, "हे आपले की परके?" आज तेथे बुगी आणि मलायी यांचे सोयरसंबंध इतके जुने आहेत की उत्तर देणे अवघड व्हावे.

मग जंजिऱ्याचे बळ ओसरले कशाने? तट तर आजही उभा आहे. 1733 साली वारशाचा तंटा लागला आणि भाऊबंदांत फूट पडली. ती संधी साधून पेशवे बाजीरावांनी मोहीम काढली. त्याच वर्षी रायगड मराठ्यांनी परत घेतला. 1736 मध्ये चिमाजी आप्पांशी झालेल्या लढाईत सिद्दी सात पडला. पुढे मराठ्यांच्या पाठिंब्याने सिद्दी अब्दुल रहमान प्रमुख झाला. ज्यांनी दुसऱ्यांचे राजे बसविले, त्यांचाच प्रमुख आता दुसरे ठरवू लागले! संस्थान मात्र टिकले, ते 1948 मध्ये विलीन होईपर्यंत.

पालकहो, घराण्याचा मोठेपणा मुलांना जरूर सांगा. पण सिद्दींचा जोर होता तोवर पद गुणावर मिळत होते, हेही सांगा. वाडवडिलांच्या नावावर परीक्षेचा एक गुणही मिळत नाही. आणि विद्यार्थी मित्रांनो, पुन्हा जंजिऱ्याला जाल तेव्हा तोफांपाशी थांबा, आणि परतीच्या वाटेवर पेणची भातशेतीही डोळे भरून पाहा. दोन्ही पाहिलेत, तर 'आपले' या शब्दात कोण कोण येते ते तुमचे तुम्हालाच समजेल.