यंत्राच्या फोनमागचा माणूस

मे २०१८. गूगलच्या वार्षिक परिषदेत एक ध्वनिमुद्रित फोन ऐकवला गेला. ‘डुप्लेक्स’ नावाचं यंत्र सलूनमध्ये केस कापण्याची वेळ ठरवत होतं, मध्येच माणसासारखा हुंकारही देत होतं. सभागृह थक्क झालं.

पुढच्याच वर्षी गूगलने ‘न्यूयॉर्क टाइम्स’ला सांगितलं, की डुप्लेक्सच्या फोनांपैकी सुमारे २५ टक्के माणसंच सुरू करतात. यंत्राने सुरू केलेल्यांपैकीही सुमारे १५ टक्के फोनांत तेव्हा माणसाला मध्ये पडावं लागत होतं.

गजर, हवामान, आठवण ही कामं यंत्राने खुशाल करावीत. गूगल असिस्टंटला तर मराठीही कळतं. पण चिडलेल्या ग्राहकाची समजूत काढणं, त्याची न बोललेली अडचण ओळखणं, हे घरबसल्या काम करणाऱ्या अनुभवी मदतनिसालाच साधतं. श्रोतेहो, अशी नाजूक कामं माणसाकडेच सोपवा.